वारा दिलेली बिअर

आमच्या घरी बिअर बनते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याला ॲसिडिटी आहे, तो ताकसुद्धा जपून पितो. बिअर मी बनवते. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासते आहे, त्यामुळे काचेच्या भांड्यात काही फसफसताना बघून दचकायचं माझं वय केव्हाच गेलं. कायदा याबद्दल नेमकं काय म्हणतो ते सुरुवातीला वाचायचं राहून गेलं, आणि आता वाचायची हिंमत होत नाही. एका खेपेला अठरा बाटल्या होतात. त्यातल्या निम्म्या वाटण्यातच जातात.

पण ही बिअर खरी माझ्या सासूबाईंची. त्यांनी तिचा एक थेंब कधी तोंडात घेतला नाही, तरीही.

मी मूळची गिरगावची. लग्न होऊन लालबागला आले ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. समोर लांबलचक गॅलरी, आत सासू, सासरे, नवरा आणि लोणच्याच्या सहा बरण्या. सासरे गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करून दमलेले, एका डोळ्याने अधू, बोलायला गोड. सासूबाई मालवणकडच्या. बोलायला गोड वगैरे अजिबात नाहीत. मजल्यावर कुणाचं लोणचं बिघडलं, कुणाच्या कुरडया लाल पडल्या, की ती बाई पदराखाली वाटी झाकून आमच्या दारात यायची. सासूबाई नुसता वास घ्यायच्या आणि सांगायच्या, चमचा ओला होता. कुणी नाही म्हटलं तरी शेवटी चमचा ओलाच निघायचा.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षं पाहुणी होते. मी कांदा चिरला की त्या तो पुन्हा चिरायच्या. मीही काही गरीब गाय नव्हे. माझ्या नाकावर राग असतो, हे लॅबमधले सगळे जाणतात. आमची भांडणं मीठ किती, पाणी किती, गॅस मोठा की बारीक यावरून व्हायची आणि शेजारच्या खोलीत ती रेडिओसारखी ऐकली जायची.

मग सासरे गेले. दिवसकार्य झालं, गावची मंडळी परतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मी केला. सासूबाई उठल्या, गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि त्या दिवसानंतर त्यांनी गॅसला हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मला बरं वाटलं. डबे माझ्या मनाप्रमाणे लावले. मीठ माझ्या हाताने घातलं. पण त्या जेवायच्या नि काही बोलायच्याच नाहीत. भाजी खारट झाली तरी नाही, अळणी झाली तरी नाही. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्यांनी ती भाताबरोबर खाल्ली, ताट उचललं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. त्या दिवशी मला भीती वाटली.

गावाहून मोठ्या दिरांचा फोन यायचा, आईला इकडे पाठवा म्हणून. त्या म्हणायच्या, वर्षश्राद्ध झालं की बघू. एकदा मी विचारलं, गावी जाऊन काय करणार? म्हणाल्या, "काय करतलंय? पडान रवतंय." पडून राहणे म्हणजे काय, हे हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मला ते नको होतं. ज्या बाईशी वीस वर्षं भांडले तिला असं खुर्चीतून उचलून गावच्या पडवीत ठेवायचं आणि फोनची वाट बघायची, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. पण मी काय करणार? उठा म्हटल्याने माणूस उठत नाही.

बिअरचा आणि याचा सुरुवातीला काही संबंध नव्हता. आमच्या लॅबमध्ये माटुंग्याहून येणारा एक तरुण सहकारी आहे. तो घरी बिअर बनवायचा आणि डबा खाताना तिच्याबद्दल इतकं बोलायचा की नवं बाळ झालेला माणूसही बाळाबद्दल बोलत नसेल. धान्याला मोड आणायचे, वाळवायचे, गरम पाण्यात त्याची गोडी उतरवायची, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, थंड करून यीस्ट टाकायचं. मला वाटलं, यात काय मोठंसं? रोज यापेक्षा किचकट कामं मी करते. त्याने मोड आणून वाळवलेलं तयार धान्य मागवायला सांगितलं. मी म्हटलं, नाही, पहिल्यापासून करीन. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

लागतात जव. वाण्याकडून आणले ते पॉलिश केलेले निघाले. तीन दिवस भिजून त्यांना मोड आला नाही, बुळबुळीत मात्र झाले. सालीसकट जव कुठे मिळतात याची चौकशी करत दादरला पूजा साहित्याच्या दुकानात पोचले. पाच किलो द्या म्हटल्यावर दुकानदाराने हात थांबवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोणाचं आहे?" श्राद्धाला मूठभर जव लागतात, पाच किलो म्हणजे याने काय समजावं? मी म्हटलं, सासऱ्यांचं. मग तो फारच आदराने वागला आणि दर्भाची जुडी वर फुकट दिली.

घरी पिशवी ठेवली तेव्हा सासूबाईंनी कित्येक महिन्यांत पहिला प्रश्न विचारला. वर्षश्राद्धाला एवढे जव कशाला? मी सांगून टाकलं, बिअर बनवणार आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

मी जव बादलीत भिजवले, सहकाऱ्याने दिलेल्या पुस्तकात बघून पाणी बदललं, जुन्या पंच्यात बांधून ठेवले. दिवस उन्हाळ्याचे, माझी ड्युटी लांबलेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी जिना चढतानाच मला वास आला. दारात आले तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात माझा पंचा उलगडलेला आणि त्यात हिरवी बुरशी.

"ह्यां काय केलंस गो?" त्या म्हणाल्या. "कुजवलंस सगळां."

एरवी मी फटकन काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मी चप्पलही काढायची विसरून तिथेच उभी राहिले. ही बाई स्वयंपाकघरात होती, आणि माझ्यावर रागावली होती.

त्यांनी उरलेले जव पुढे ओढले. आता शिकायला बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीला सहाव्या महिन्यात त्यांनी नाचणीचं सत्त्व करून घातलं होतं, त्याआधी माझ्या नवऱ्याला आणि दिरांना. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. जव काय आणि नाचणी काय, त्यांच्या लेखी दोन्ही दाणेच. फडकं ओलं हवं पण त्यातून पाणी गळता कामा नये. दाणे दिवसातून चार वेळा हाताने वरखाली करायचे, म्हणजे आत ऊब कोंडत नाही. माझ्या पुस्तकाने हे दोन पानं भरून सांगितलं होतं, तक्त्यासकट. त्यांनी मला ते भांडी घासता घासता सांगितलं.

चौथ्या दिवशी त्यांनी एक दाणा दाताखाली धरून फोडला, मला दिला. गोडसर लागला. मोड दाण्याइतका लांब झाला की पुरे, आणखी वाढला तर सगळी गोडी तोच खातो, म्हणाल्या. नेमकं हेच वाक्य पुस्तकात होतं. मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

मग गॅलरीत चादर पसरून त्यांनी जव वाळत घातले आणि राखण करत बसल्या. खुर्ची तीच, पण आता हातात कावळे हाकलायला काठी. मजल्यावरच्या बायका विचारत, काय चाललंय? त्या म्हणत, सत्त्व करतेय. कुणासाठी? सुनेसाठी. सत्त्व करतात तान्ह्या बाळासाठी, आणि मी तर पन्नाशीला टेकलेली. दोन दिवस सगळ्या शेजारणी माझ्या पोटाकडे चोरून बघत होत्या. शेवटी एकीने नवऱ्याला गाठून विचारलंच. त्याने ते इतकं मनावर घेतलं की आठवडाभर तो गॅलरीतून खाली मान घालून जात होता.

बिअर शिजवण्याच्या दिवशी, सासरे गेल्यानंतरचं आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी सगळ्यात मोठा टोप काढला. तो गणपतीत नैवेद्याचा भात करायचा टोप. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, पुसला आणि माळ्यावर परत चढवायला लावला. मी म्हटलं, शेवटी धान्यच आहे ना, देवाला काय त्याचं? त्या म्हणाल्या, तुझ्या देवाला चालत असेल. मी तणतणत जाऊन नवा टोप आणला. पण जिना चढताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. किती दिवसांनी आम्ही भांडलो होतो.

भरडलेले जव तासभर गरम पाण्यात राहिले. मी लॅबचा असतो तसला थर्मामीटर घेऊन उभी, त्या टोपावर तळहात धरून. गाळलेलं पाणी चमच्यात घेऊन मी त्यांच्यासमोर धरलं, अजून यात दारूचं काही नाही म्हणून शपथेवर सांगितलं. त्यांनी जिभेला लावलं आणि गूळ कधी घातलास म्हणून विचारलं. घातलेला नाही म्हटलं तर विश्वासच बसेना. हॉप्सचा वास मात्र त्यांना आवडला नाही. काढा वाटतो, म्हणाल्या.

थंड झाल्यावर सगळं पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये भरलं. झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या नळीतून बुडबुडे यायला लागले. बुडुक, मग जरा थांबून बुडुक. संध्याकाळी आले तर सासूबाईंची खुर्ची गॅलरीतून आत आलेली, कॅनच्या शेजारी. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हे काय करता, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्या पुन्हा बाहेर गेल्या असत्या. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा भात लावला आणि एकदा मला सांगितलं की माझं सांबारं पाणीच झालंय. मी नवऱ्याला हे ऑफिसात फोन करून कळवलं.

बाटल्या मी भायखळ्याच्या एका भंगारवाल्याकडून निवडून आणल्या होत्या, तारेच्या झाकणाच्या. अंगठ्याने तार दाबली की झाकण बसतं, उलटी ओढली की सुटतं. उकळून, वाळवून ठेवल्या. इथे मला त्यांना काही शिकवावं लागलं नाही. ओला हात नको, ओला चमचा नको, तोंड लावायचं नाही, लोणच्याचंच शास्त्र सगळं. प्रत्येक बाटलीत चिमूट चिमूट साखर टाकायची. ती साखर खाऊन यीस्ट गॅस तयार करतं, तो गॅस आत कोंडला जातो आणि त्याचाच फेस होतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. साखर जास्त झाली तर बाटल्या फुटतातसुद्धा, असंही मी मोठ्या ऐटीत सांगितलं. एवढं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आता या बाटल्या पंधरा दिवस गार जागी ठेवायच्या. आमच्या दोन खोल्यांत गार जागा एकच, सासूबाईंच्या पलंगाखाली. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे, भिंत कायम ओलसर. मी विचारलं, इथे ठेवू का? त्या क्षणभर थांबल्या आणि ठेव म्हणाल्या. मी बाटल्या ओळीने आत सरकवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि निश्चिंत मनाने पंधरा दिवस कामावर गेले.

पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी दुपारी माटुंग्याचा सहकारी आणि आणखी दोघीजणी लॅबमधून आले. मी सुरमई तळली. ग्लास मांडले. पहिली बाटली हातात घेऊन जरा भाषणही केलं. तार ओढली आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, फेस नाही. ग्लासात ओतली तर थंड चहा. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सहकारी बिचारा म्हणत होता, चव छान आली आहे, खरंच. पाचवी बाटली उघडताना माझे कान तापले होते.

सासूबाई दारात उभ्या होत्या, पाहुण्यांसाठी कांदा चिरून आणलेला. त्या अभिमानाने म्हणाल्या, "रोज दिवो लावलो की वारो दिलंय मी बाटल्यांक. एकपण फुटाक नाय."

रोज संध्याकाळी, मी घरी यायच्या आत, ही बाई जमिनीवर बसून अठरा बाटल्या बाहेर काढत होती, एकेकीचं झाकण उघडून आतली वाफ सोडत होती आणि पुन्हा बंद करून ठेवत होती. पंधरा दिवस. मला हसू यायला हवं होतं. आज येतं. त्या दिवशी मी चार लोकांसमोर म्हणाले, "तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी? सगळ्याची माती केलीत."

त्यांनी कांद्याची बशी टेबलावर ठेवली. मग खुर्ची उचलून गॅलरीत नेली.

पाहुणे लवकर गेले. दुसऱ्या दिवशी चहा मी केला, तिसऱ्या दिवशीही. आमटी खारट झाली तरी कुणी काही बोललं नाही. गुरुवारी दिरांचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून घेतला आणि सांगितलं, वर्षश्राद्धापर्यंत थांबत नाही, आता येते. शनिवारी नवऱ्याने पंधरवड्यानंतरची दोन तिकिटं काढली. तो त्यांना पोचवायला जाणार होता.

माझा नवरा कमी बोलतो. त्या शनिवारी दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याने विचारलं, "बाबांचा डोळा कशाने गेला, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. गिरणीत काहीतरी लागलं असेल, असं मी धरून चालले होते. गिरणगावात असलं विचारायची पद्धत नाही. त्याने सांगितलं की गिरणी बंद पडल्यावर बाबा चिंचपोकळीला एका सोड्याच्या कारखान्यात लागले. लहानसा कारखाना, चार माणसं. बाटलीत गॅस भरताना बाटली फुटली आणि काच डोळ्यात गेली. आई तेव्हा डबा घेऊन दारात पोचली होती. तिच्यासमोर झालं. मग तो म्हणाला, आपल्या घरात कधी कोल्ड्रिंकची बाटली आलेली आठवते तुला?

आठवत नव्हती. वीस वर्षांत कधी नाही, मुलीच्या वाढदिवसालासुद्धा कोकम सरबत. मी ते सासूबाईंचं जुनं वळण समजत होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी त्या ताकालाच नावं ठेवत होते.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी फुटू शकणाऱ्या अठरा बाटल्या त्यांच्या अंथरुणाखाली ठेवल्या होत्या, आणि त्या ठेव म्हणाल्या होत्या. मी विचारलं म्हणून. पंधरा दिवस ती बाई त्या बाटल्यांवर झोपली होती. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून रडले.

आमच्या घरात माफी मागायची कुणाला सवय नाही. सासूबाईंनी कधी मागितली नाही, मी कधी मागितली नाही. कशी मागतात हेच मला कळेना. रविवारी मी मोड आणून वाळवलेल्यांतले उरलेले जव काढले आणि दुसरी खेप शिजवली, एकटीने. त्या गॅलरीतून आत आल्या नाहीत. कॅनमधून बुडबुडे येत राहिले, कुणी ऐकायला बसलं नाही. बुडबुडे थांबल्यावर मी बाटल्या भरल्या. तिकिटं चार दिवसांवर आली होती. या वेळी बाटल्या मी पलंगाखाली ठेवल्या नाहीत, ओट्याखाली ओळीने मांडल्या आणि गॅलरीत गेले.

"आई," मी म्हटलं, "मला यायला सात वाजतात. दिवा लावलात की बाटल्यांना वारा द्या."

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे त्येका फेस येवचो नाय."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी आधी समजावलेलं आणि त्या रविवारी ओरडलेलं जोडून त्यांनी बरोबर ते शास्त्र काढून घेतलं होतं.

"नको येऊ दे," मी म्हटलं.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. मी आत निघाले तेव्हा मागून आवाज आला, "पलंगाखाली सरकव. थंय गार आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर चहा तयार होता. साखर फार होती. मी तसं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, तुझ्या जिभेला काय कळतं. नवऱ्याने त्याच दिवशी तिकिटं रद्द केली. दिरांना त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. आईला इथे काम आहे, असं काहीतरी म्हणाला असावा.

त्यानंतर आमच्या घरी अडीच वर्षं फेस नसलेली बिअर बनली. जव मी आणायचे, मोड त्या आणायच्या. मी शिजवायचे, त्या टोप बघायच्या. रोज दिवा लावून झाला की त्या पलंगापाशी बसून बाटल्या बाहेर काढायच्या. शेजारणी आल्या तर त्यांनाही दोन-दोन बाटल्या उघडायला द्यायच्या, अंगठ्याने तार कशी सोडायची ते दाखवून. मी कधीमधी लवकर घरी आले तर तो आवाज जिन्यातच कानावर यायचा. टक, आणि मग बारीक हुस्स. मी जिन्यात थांबून अठरा मोजायचे आणि मगच आत जायचे. माटुंग्याचा सहकारी म्हणायचा, बाई, एकच खेप बंद राहू द्या, मग बघा काय होते ते. मी त्याला सांगायचे, आमच्याकडे अशीच पितात. हळूहळू मजल्यावरच्या लोकांना तीच आवडायला लागली. कडवट, जराशी गोड, पाण्यासारखी सरळ उतरणारी. पोट फुगत नाही, असं समोरचे काका कौतुकाने सांगायचे. सासूबाई ते कौतुक ऐकून घ्यायच्या आणि पिणाऱ्यांना नावं ठेवायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्याच नाहीत. आदल्या संध्याकाळी तापातही त्यांनी बाटल्या काढायला लावल्या होत्या. नवरा एकेक हातात देत होता आणि त्या पडल्या पडल्या उघडत होत्या.

सात-आठ महिने मी जवाला हात लावला नाही. मग एका रविवारी, घरात अगदी करमेना म्हणून, सुरुवात केली. मोड छान आले. आता मला कळतं दाणा कधी फोडून बघायचा ते. बाटल्या भरल्या, पलंगाखाली ठेवल्या, गोणपाट टाकलं. पंधरा दिवस त्यांना कुणी हात लावला नाही. संध्याकाळी जिना चढताना मी थांबायचे, सवयीने, आणि मग तशीच वर यायचे.

परवा पहिली बाटली उघडली. तार सुटताच केवढा मोठा आवाज झाला, आणि पांढराशुभ्र फेस ग्लासाच्या काठावरून ओघळून टेबलावर आला. नवऱ्याने ॲसिडिटी विसरून एक घोट घेतला. ओठावरचा फेस पुसत म्हणाला, "जमली गं शेवटी."

जमली होती. पुस्तकात लिहिलीय तशी, सहकारी सांगायचा तशी. इतकी चांगली बिअर माझ्या हातून कधी झाली नव्हती, आणि ती माझ्या घशाखाली उतरेना. मी ग्लास खाली ठेवला.

काल लॅबमधून आले, हातपाय धुतले, दिवा लावला. मग जमिनीवर बसून पलंगाखालच्या सतरा बाटल्या बाहेर ओढल्या आणि एकेकीचं झाकण उघडायला लागले. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"अगं, फेस जाईल त्यांचा," तो म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं. "मला आईंची बिअर हवी आहे."

तो आत आला. माझ्याशेजारी खाली बसला आणि त्याने पुढची बाटली उचलली.